बारातून पाच

आमच्या निपाणीच्या घरी फळीवर एक जुना ट्रान्झिस्टर रेडिओ आहे. तो बाबांचा. तंबाखूच्या वखारीत दिवसभर हिशेब लिहून बाबा सायंकाळी घरी येत, हातपाय धूत आणि रेडिओ लावीत. आकाशवाणीचे धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले, सांगलीचे १९६३ साली. आमचे गाव दोहोंच्या टप्प्यात असल्यामुळे काटा अलीकडे नेला की कानडी आणि पलीकडे नेला की मराठी, असा त्या रेडिओचा दुहेरी संसार होता. बाबांना दोन्ही भाषा येत, आणि दोन्हींतील बातम्या ऐकल्यावाचून त्यांना जेवण गोड लागत नसे.

त्या रेडिओला दीड व्होल्टचे चार सेल, म्हणजे सहा व्होल्ट लागत. मी कॉलेजात असताना एकदा सुट्टीत घरी आलो तो सेल संपलेले. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी ओसरीवर पडली होती. बॅटरी ती बॅटरी, असा विचार करून मी मोठ्या ऐटीत तारा जोडल्या. ती बारा व्होल्टची! एकदाच मोठ्याने खरखर झाली आणि जळका वास सुटला. मागे वळून पाहतो तो बाबा दारात उभे. ते रागावतील म्हणून मी मान खाली घातली. ते एवढेच म्हणाले, "जाऊ दे रे. बोलून बोलून तोही दमला असेल."

पुढे कित्येक महिने आमच्या घरातली सायंकाळ मुकी होती. रागावले असते तर बरे, असे मला तेव्हा वाटे. नंतर गावातील एका कारागिराने दोन ट्रान्झिस्टर बदलून रेडिओ बोलता केला. परंतु माझ्या मनातला तो वास काही गेला नाही.

आता २०१९ च्या ऑगस्टची गोष्ट. बाबा जाऊन बरीच वर्षे झाली होती. माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी कोल्हापूरच्या इस्पितळात होती. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. एरवी तासाभराची वाट. पण वेदगंगेला पूर आला, यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी चढले आणि वाट बंद झाली. तिकडे पंचगंगेनेही कोल्हापूर वेढले होते. आमच्याकडे वीज गेलेली, आई देवघरासमोर बसलेली, आणि माझ्या मोबाईलमध्ये चार टक्के जीव उरलेला. दाजींचा फोन कोणत्याही क्षणी येईल आणि नेमका तेव्हाच हा मिटेल, याखेरीज मला दुसरे काही सुचत नव्हते.

माझा मुलगा बेळगावला इंजिनिअरिंग शिकत होता आणि तेव्हा घरीच होता. त्याने संगणकाच्या यूपीएसमधली बारा व्होल्टची बॅटरी बाहेर काढली. "यूपीएसच चालू कर की," मी म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, आधी बाराचे दोनशेतीस करायचे, मग चार्जरने दोनशेतीसचे पुन्हा पाच करायचे, या खटाटोपात बॅटरी उगाच संपेल." मग त्याने खिशातून आगपेटीहूनही लहान अशी एक निळी पट्टी काढली. तिच्यावर एक गुंडाळी, दोन उभे कॅपॅसिटर आणि एक काळी चीप होती. बाजारात तिला बक कन्व्हर्टर म्हणतात. जास्त व्होल्टचे कमी करून देणे, एवढेच तिचे काम.

हे काम जुन्या तीन पायांच्या रेग्युलेटरनेही होते. पण तो जास्तीचा दाब उष्णतेत उधळतो. बारातून पाच व्होल्ट घेऊन एक अँपिअर वापरला, तर पाच वॉट मोबाईलला मिळतात आणि सात वॉट हवेत जातात. बक कन्व्हर्टरची रीत निराळी. तो विजेची वाट सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा उघडतो आणि मिटतो. जात्याला हिसका दिला की हात सुटला तरी ते क्षणभर आपल्या वेगाने फिरत राहते. तशी त्या गुंडाळीतली वीज, वाट मिटली तरी, वाहत राहते. हिसके किती वेळ द्यायचे यावर दाब ठरतो. आमची बॅटरी सात अँपिअर-तासांची. रेग्युलेटरवर ती कागदोपत्री सात तास पुरली असती. कन्व्हर्टरवर जवळजवळ दुप्पट.

मुलाने जुन्या केबलच्या लाल-काळ्या तारा सोलून पट्टीला जोडल्या आणि दुसरे टोक तो मोबाईलमध्ये घालणार, तोच मी त्याचा हात धरला. "थांब. आधी मीटर लाव."

"बाबा, पाचच असणार."

"लाव म्हणतो ना."

मीटरने नऊ दाखवले. मागे कॉलेजातल्या कुठल्याशा मोटारीसाठी त्याने पट्टी नऊवर लावली होती आणि तो विसरला होता. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. त्या पट्टीवर निळा ठोकळा असतो, त्याचा बारीक पितळी स्क्रू मेणबत्तीच्या उजेडात फिरवता फिरवता आकडा खाली आला. पाच झाल्यावरच तार जोडली. आई तेवढ्यात म्हणाली, "तुझ्या बाबांनी पाहायला हवे होते."

टॉवर अधूनमधूनच चाले. पहाटे तीनच्या सुमारास दाजींचा निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप.

पाणी ओसरल्यावर मी तीच पट्टी सहा व्होल्टवर लावून बाबांच्या रेडिओला जोडली. रेडिओ लागला, पण किंकाळ्या फोडू लागला. सेकंदाला दीड लाख हिसके म्हणजे १५० किलोहर्ट्झ. त्याची पाचपट ७५०, आणि धारवाडचे केंद्र ७६५ वर. त्या कर्कश शिट्टीत कानडी बातम्या पार बुडाल्या. सांगलीचे १२५१ वर थोडे बरे ऐकू येई, पण खरखर होतीच. त्यावरून एखाद्याने पट्टीवर पक्षपाताचा आळ घ्यायला हरकत नव्हती. शेवटी रेडिओसाठी तो जुना तीन पायांचा सहा व्होल्टचा रेग्युलेटरच बसवला. रेडिओ वीज ती किती खाणार! त्याची उधळपट्टी परवडते, आणि तो मुकाट्याने तापतो.

पट्टी मोबाईलसाठी ठेवली आहे, फ्यूजसह. कारण तिच्यातली चीप जळून आरपार झाली, तर बॅटरीचे बाराच्या बारा व्होल्ट सरळ पुढे जातात. भाची आता शाळेत जाते. सुट्टीत आली की फळीवरचा रेडिओ खाली काढायला लावते आणि काटा भराभर फिरवते. सेल घालायचे असले की मात्र मला हाक मारते.