न पाहिलेला हात

परिचय भेटीनेंच व्हावा लागतो, असा आपल्याकडे एक दृढ समज आहे. शेजारीं, शाळेच्या बाकावर, फार तर आगगाडीच्या डब्यांत जमलेला स्नेह तेवढा खरा. संगणकाच्या पडद्यावर जुळलेला म्हणजे निव्वळ हवेंतला मनोरा! ही शंका अगदींच पोकळ नाहीं. पडद्याआडून माणसाला हवा तो मुखवटा चढवितां येतो, आणि शब्द तर फुकटच असतात.

परंतु न पाहिलेल्या माणसाशीं स्नेह जडणें ही कांहीं आंतरजालाची करामत नव्हे. रशियन संगीतकार चायकोव्हस्की व नादेझ्दा फॉन मेक ही श्रीमंत विधवा यांचा स्नेह १८७६ पासून १८९० पर्यंत केवळ पत्रांवर टिकला. प्रत्यक्ष भेटावयाचें नाहीं, अशी त्यांची अटच होती. तिनें वर्षाकांठीं ६,००० रूबल पाठविले. त्यानें आपली चौथी सिंफनी तिला अर्पण केली. त्या रूबलांनीं त्याला शिकविण्याच्या जाचांतून सोडविलें, हें खरें. पण रूबल केव्हांच खर्चून गेले. सिंफनी आजहि वाजते. पैसा कोणाच्याहि हातचा सारखाच. स्वतः घडविलेली वस्तु मात्र घडविणाऱ्याची कांहीं खूण बरोबर घेऊन येते.

माझ्या या मताला आधार आहे तो बोलपूरच्या एका मैत्रिणीचा. २००९ सालीं गोधडीविषयीं तिनें आंतरजालावर कांहीं विचारलें, मीं उत्तर दिलें, आणि पत्रव्यवहार सुरू झाला. मी वयानें मोठी म्हणून ती मला 'दिदी' म्हणते. आमची भेट अद्याप झालेली नाहीं. बंगालची कांथा ही आपल्या गोधडीची सख्खी बहीणच. झिजलेल्या साड्याधोतरांचे थर एकावर एक घालावयाचे, आणि जुन्या काठांतून ओढून काढलेल्या रंगीत दोऱ्यानें धांवदोरा घालीत त्यांवर कमळें, मासे, वेली उठवावयाच्या. दर पूजेला तिच्याकडून असा एक रुमाल येई. दिवाळीला माझ्याकडून आईच्या लुगड्यांची एखादी लहानशी चौघडी जाई.

२०२१ च्या पूजेचा रुमाल मीं उलगडला आणि चपापलें. एरव्हीं तिचा टांका राजगिऱ्याच्या दाण्यासारखा, सारख्या मापाचा. या खेपेस एका कोपऱ्यापासून तो लांबत, वांकत गेला होता. शेवटच्या कमळाच्या दोन पाकळ्या एकमेकींत शिरल्या होत्या. पत्रें मात्र नेहमींप्रमाणेंच हंसरीं होतीं. असणारच! पडद्यावरचें अक्षर कधीं आजारी पडत नाहीं. मीं दूरध्वनि केला. बराच वेळ ती बोललीच नाहीं. मग म्हणाली, "दिदी, हात कांपतो. घरांत अजून सांगितलें नाहीं. हा शेवटचाच रुमाल; असलें काम यापुढें कोणाला द्यावयाचें?"

तिचें सांत्वन करण्याजोगे शब्द मजजवळ नव्हते. मीं एक अर्धवट शिवलेलें कापड तिला धाडलें व लिहिलें, कीं उरलेली बाजू तुझी. तीन महिन्यांनीं तें परत आलें. तिनें चार बोटें काम केलें होतें. वांकडें, पण तिचेंच. बरोबरच्या चिठ्ठींत घरीं सांगितल्याचें व औषध सुरू झाल्याचें कळविलें होतें.

तेव्हांपासून हें एकच कापड पुण्याहून बोलपूरला व बोलपूरहून पुण्याला फिरत आहे. ज्यांना ही मैत्री हवेंतली वाटते, त्यांना मी तें दाखवितें. त्यांतले माझे टांके कोणते आणि तिचे कोणते, हें लहान मुलालाहि सांगतां येईल. तें आतां निम्म्याहून अधिक भरलें आहे; पण पुरें करण्याची घाई आम्हां दोघींपैकीं कोणालाच नाहीं.