वेढ्यात घेतलेलं शेत

धाराशिव

प्रिय सखे,

तुझं पत्र मिळालं. भावोजी गेल्यापासून तू उपासनेला जातेस, पण गायला लागलं की घसा दाटतो, म्हणून नुसती बसून राहतेस, हे वाचून जीव कळवळला. बसून राहा, खुशाल राहा. मंडळी गाते तेव्हा ती तुझ्या वाट्याचंही गातेच. पण पुढं तू जे विचारलंस, की सगळे आशा धर म्हणतात, ती धरायची कशाच्या जोरावर, त्याचं उत्तर फोनवर जमलं नसतं. म्हणून लिहायला बसले.

इकडचं तुला ठाऊकच असेल. 2025 च्या सप्टेंबरात आपल्या दुष्काळी जिल्ह्यात पाऊस असा कोसळला की परंड्याकडच्या लोकांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. सोयाबीन काढणीला आलेलं होतं, ते पाण्यात गेलं. नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या. पीक गेलं तर पुढच्या हंगामाकडं बघता येतं गं, मातीच गेली तर माणसानं कुठं बघायचं?

त्याच दिवसांत आमच्या पाळकसाहेबांनी यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायावर संदेश दिला. लहानपणी संडे स्कूलमध्ये आपल्याला हा अध्याय कुणी शिकवल्याचं आठवत नाही. बाबेलच्या फौजेनं यरुशलेमला वेढा घातलाय, शहर पडणार हे यिर्मयाला पक्कं माहीत आहे, किंबहुना तेच सांगितल्यामुळं तो चौकीत कैदेत आहे. आणि अशा वेळी चुलतभाऊ येऊन म्हणतो, गावाकडचं माझं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात चाललेलं शेत! यिर्मया सतरा शेकेल रुपं तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, आणि ते खत मातीच्या मडक्यात घालून ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. सातबाऱ्यापायी जन्मभर तलाठ्याकडं हेलपाटे घातलेली आमची मंडळी हे ऐकताना अशी सावरून बसली! गोरोबाकाका कुंभारांच्या तेरपासून आम्ही जवळच राहतो, मडकं म्हणजे काय हे आम्हाला कुणी सांगायला नको.

मला त्या दिवशी जे पटलं ते असं, की यिर्मयानं वेढा उठेल या भरवशावर शेत घेतलं नाही. वेढा उठलाच नाही, शहर जळालं. त्यानं शेत घेतलं ते देवाच्या शब्दावर, आणि तो शब्द त्याच्या आयुष्याहून लांबचा होता. तुला लोक सांगतात ना, सगळं ठीक होईल? ती आशा नव्हे, तो अंदाज. अंदाज चुकला की माणूस कोसळतो.

शब्दावर धरलेली आशा कशी दिसते, ते मी इथंच पाहिलं. जानेवारी 2020 मधलं आपल्या गावचं साहित्य संमेलन तुझं हुकलं. त्र्याण्णवावं संमेलन, आणि अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे. एक ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष होणार म्हणून आधी विरोध झाला, धमक्या आल्या. त्यात त्यांचं पाठीचं दुखणं. फादर व्हीलचेअरवरून मंडपात आले आणि बोलले. हा माणूस ‘सुवार्ता’ मासिकाचा कितीतरी वर्षं संपादक, हरित वसईच्या लढ्यात भूमाफियांसमोर उभा राहिलेला, ‘सुबोध बायबल’साठी खपलेला. त्या पुस्तकाला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘नाही मी एकला’. वेदना होत्या, धमक्या होत्या, आणि तरी माणूस एवढ्या लांब आमच्यापर्यंत आला. जुलै 2024 मध्ये ते गेले तेव्हा मला त्यांच्या भाषणापेक्षा ते येणंच अधिक आठवलं.

पंडिता रमाबाईंचंही तेच. 1870 च्या दशकातल्या दुष्काळानं त्यांचे आईवडील आणि बहीण नेली. पुढं भाऊ गेला, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. भुकेनं माणूस कसा मरतो हे घरात पाहिलेली बाईच तसं करू जाणे. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा त्यांच्या हयातीतच गेली. वय उतरलेलं, प्रकृती ढासळलेली, तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्यांचं निधन झालं आणि ते बायबल छापून बाहेर आलं 1924 मध्ये. त्यांच्या हाती ते आलंच नाही, पण मराठी घरांत पोचलं.

आता तुझी खरी शंका. दुःख जात नाही, मग विश्वास कमी पडतोय का? सखे, असं कुणी तुला सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नकोस. थोमाला भेटलेल्या उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. पुनरुत्थानानं ते पुसले नाहीत. माझी सगळी श्रद्धा त्या व्रणांपाशी टिकून आहे. सास्तूरला गेले की मला हेच आठवतं. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक नुकते झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली. लातूर आणि आपला जिल्हा मिळून हजारो माणसं गेली. नवी गावं वसली, लग्नं झाली, नातवंडं झाली. आणि तरीही गणपती बोळवताना तिथल्या बायांचे डोळे भरतात. त्या बायांना कुणी म्हणेल का, की तुम्ही सावरला नाहीत?

म्हणून तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल स्पष्टच लिहिते. भावोजी शनिवारी तिकडच्या मुलांना मराठी शिकवायचे, तो वर्ग आता बंद करावा म्हणतेस. करू नकोस. तुझ्यात बळ येईल आणि मग तू तो चालवशील, असं होणार नाही. आधी दार उघड, चार मुलं येऊ देत, एखाद्या शनिवारी रडू आलं तर येऊ दे, मुलांना समजतं. शिकवणं अंगावर येत असेल तर निदान त्यांची पाटी-पुस्तकं मांडून बस आणि एखाद्या आईला शिकवू दे.

बालभारतीची पहिली ते चौथीची पुस्तकं मी इकडून घेते. ओळखीचं एक कुटुंब पुढच्या महिन्यात तुमच्या बाजूला यायचं आहे, त्यांच्या सामानात बसतील तेवढी देते. किती संच हवेत आणि अंकलिपी हवी का, एवढं लगेच कळव.

तुझीच,
धाराशिवची मैत्रीण