प्रागचा रसायनकार

औषधाच्या वेष्टनावर कंपनीचे नाव असते, किंमत असते, मुदत असते. तो रेणू प्रथम ज्याच्या हातून घडला त्याचे नाव छापण्याची रीत नाही. म्हणूनच अंतोनिन होली कोण, असे विचारले तर बहुतेक वाचक मौन पाळतील. मात्र एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी यांनी ग्रस्त असलेली कितीतरी माणसे या गृहस्थाची निर्मिती रोज पाण्याबरोबर गिळत असतात. तिचे नाव टेनोफोव्हिर.

होली यांचा जन्म १९३६ सालचा, प्रागचा. तेथील चार्ल्स विद्यापीठात शिक्षण झाल्यावर ते त्याच शहरातील सेंद्रिय रसायन व जीवरसायन संस्थेत दाखल झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. चेक भाषेत 'होली' म्हणजे 'उघडा'. त्यांचे काम पाहता आम्हांला या योगायोगाची मौज वाटते.

आयुष्यभर फळ्यावर सूत्रे लिहिणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकाला त्यांची युक्ती सांगितल्यावाचून राहवत नाही. जनुकद्रव्य ही मण्यांची माळ. प्रत्येक मण्यात एक बेस, एक शर्करा आणि फॉस्फेट. विषाणू स्वतःची प्रत काढू लागला की हे मणी ओवू लागतो. त्याला खऱ्यासारखा दिसणारा खोटा मणी दिला, तर माळ तेथेच थांबते. एझेडटी आणि असायक्लोव्हिर ही औषधे याच तत्त्वावर चालतात. अडचण अशी की, अंगावर तीन फॉस्फेट चढल्याशिवाय खोटा मणी ओवला जात नाही, आणि पहिले फॉस्फेट चढविण्यात पेशीतील विकरे फार हात आखडतात. ते आधीच जोडून द्यावे, तर शरीरातील दुसरी विकरे ते तोडून टाकतात. होली यांनी मधला ऑक्सिजनचा दुवा काढून फॉस्फरस थेट कार्बनला जोडला. या बंधावर विकरांची कात्री चालत नाही. शिवाय शर्करेचे कडे काढून तेथे साधी, उघडी साखळी ठेवली. कार्बन-फॉस्फरस बंधाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगले उत्तर आम्हांला ठाऊक नाही.

परंतु विषाणूंवर प्रयोग करण्यासाठी सोबती हवा होता. १९७६ साली ग्योटिंगेन येथील एका परिषदेत त्यांची एरिक द क्लर्क यांच्याशी गाठ पडली. द क्लर्क बेल्जियममधील लूवेनच्या कॅथलिक विद्यापीठातील रेगा संस्थेचे. युरोप तेव्हा दुभंगलेला होता. तरीही प्रागची संयुगे लूवेनला जात आणि निष्कर्ष परत येत. १९८६ साली 'नेचर'मध्ये या नव्या कुळातील पहिल्या संयुगाची वार्ता आली. पुढे अमेरिकेतील गिलिअड कंपनीने हक्क घेतले.

वाट सरळ नव्हती. सिडोफोव्हिरला १९९६ साली मान्यता मिळाली, तीही एड्सग्रस्तांच्या दृष्टिपटलाला होणाऱ्या एका संसर्गापुरती. एचआयव्हीसाठी लागणाऱ्या मात्रेत अ‍ॅडेफोव्हिर मूत्रपिंडांना घातक ठरले; १९९९ साली तो मार्ग बंद झाला आणि २००२ मध्ये तेच औषध अल्प मात्रेत हिपॅटायटिस बीसाठी स्वीकारले गेले. टेनोफोव्हिर आतड्यातून नीट शोषले जाईना. गिलिअडच्या रसायनज्ञांनी त्याला तात्पुरते आवरण चढविले, तेव्हा २००१ साली गोळी तयार झाली.

आता पैशाची गोष्ट. पेटंटच्या स्वामित्वधनातून प्रागच्या संस्थेला प्रचंड उत्पन्न मिळाले आणि त्यातून तेथील संशोधन पोसले गेले. याच पेटंटमुळे गरीब देशांतील रुग्णाला गोळी दुर्लभ होत होती. होली यांच्या प्रयोगशाळेविषयी आदर बाळगूनही आम्ही या वादात रुग्णाच्या बाजूचे आहोत. भारतात एचआयव्हीबाधितांच्या संघटनेने आणि मुंबईच्या सिप्लाने टेनोफोव्हिरच्या पेटंट-अर्जांना हरकत घेतली. २००६ साली गिलिअडने काही भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले, तरी हरकती मागे घेतल्या गेल्या नाहीत. २००९ साली भारतीय पेटंट कार्यालयाने ते अर्ज फेटाळले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली टेनोफोव्हिरला पहिल्या फळीच्या उपचारांत प्राधान्य दिले, तेव्हा स्वस्त गोळ्या पुरविण्यात भारतीय कारखान्यांचा वाटा फार मोठा होता. आपल्या सरकारी एआरटी केंद्रांतही ती विनामूल्य मिळू लागली.

होली यांचे निधन १६ जुलै २०१२ रोजी झाले. त्याच दिवशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टेनोफोव्हिर असलेली एक गोळी निरोगी माणसाला एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून देण्यास प्रथमच मान्यता दिली.