समास

रायपूरच्या कोर्टाच्या आवारात त्याला कुणी समास म्हणत नाही. तिथं तो 'हाशिया'. "हाशिया कितना छोडूं?" असं टायपिस्ट विचारतो खरा, पण उत्तराची वाट न पाहता त्याची बोटं चालू लागलेली असतात.

पंगतीत सगळ्यांना वाढणारा आणि जागा अपुरी पडली की सगळ्यांत आधी ज्याला उठवतात, असा एक काका प्रत्येक घरात असतो. समास तसा आहे. मजकूर वाढला की पहिल्यांदा त्याला सरकवतात. स्टँपपेपरवर वरचा बराच भाग छापील. उरलेल्या जागेत खरेदीखत बसवायचं म्हणून आधी उजवीकडचा जातो, मग खालचा, मग डावीकडचा. तो तक्रार करत नाही. त्याच्याकडे एक अक्षरही नसतं, तर करणार कशी?

पण तो गेला की काय होतं, ते मी आत्याच्या कागदांत पाहिलं.

आत्या रायपुरातल्याच तात्यापाऱ्यात राहते. गेल्या वर्षी तिच्यावर घराच्या वाटणीचा दावा लागला. समन्सबरोबर वादपत्राची प्रत आली. कागद लीगल आकाराचा, प्रत मात्र ए-फोरवर काढलेली झेरॉक्स. अक्षरं काठापर्यंत भिडलेली, त्यामुळे उजवीकडे प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द अर्धा कापला गेला होता. डावीकडे टॅगसाठी पाडलेलं भोक थेट एका रकमेच्या मधून गेलं होतं. लाख की हजार, कळायला मार्ग नाही. पहिला परिच्छेद पावणेदोन पानांचा. आत्यानं चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "बाबा, यात माझी पेशी कधी आहे तेवढं सांग."

मी पेन्सिल घेतली. तारखेखाली रेघ मारली आणि शेजारी लिहायला गेलो, तर लिहायला जागाच नव्हती.

मला तेव्हा दासबोध आठवला. त्यातल्या प्रकरणांनाही समासच म्हणतात. वीस दशक, दोनशे समास. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर मोकळं असावं, ओळीला ओळ भिडू नये, लांब अक्षर खालच्या ओळीला लागू नये. फार बारीक लिहू नये, कारण तरुणपणी लिहिलेलं म्हातारपणी वाचता आलं पाहिजे. आणि चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाचे काठ झडले तरी अक्षर झडणार नाही. झेरॉक्सच्या कितीतरी आधी समर्थांनी आत्याच्या त्या कापलेल्या ओळींचा बंदोबस्त सांगून ठेवला होता. दासबोध हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच शहरात वावरले आणि 1926 साली इथंच वारले, याचा मला फार आधार वाटतो. हा विचार इथल्या मातीला परका नाही.

कायद्यालाही तो परका नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत सहाव्या आदेशाचा दुसरा नियम सांगतो की वादपत्र असो की लेखी जबाब, तो परिच्छेदांत विभागावा, परिच्छेदांना ओळीनं क्रमांक द्यावेत, शक्यतो एका परिच्छेदात एकच कथन असावं, तारखा आणि रकमा आकड्यांत आणि अक्षरांतही लिहाव्यात. हा नियम सौंदर्यासाठी नाही. आठव्या आदेशाप्रमाणे प्रतिवादीनं प्रत्येक कथनाला नेमकं उत्तर द्यायचं असतं. जे स्पष्टपणे नाकारलं नाही, ते मान्य केल्यासारखं धरलं जातं. म्हणजे ज्या माणसाला कागद वाचताच आला नाही, त्याची चुप्पी त्याची कबुली ठरू शकते. लेखी जबाबाला मुदत 30 दिवसांची, फार तर 90. त्यातले किती दिवस आत्यानं नुसतं भिंग धरून काढायचे?

सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2020 मध्ये परिपत्रक काढून आपल्याकडच्या कागदांसाठी ए-फोर आकार, दोन्ही बाजूंनी छपाई, 14 चा फाँट आणि दीडपट ओळअंतर ठरवलं. डावीउजवीकडे 4 सेंटीमीटर समास, वरखाली 2. मी पट्टी घेऊन हिशेब केला. 21 सेंटीमीटर रुंदीतून 8 गेले, 29.7 उंचीतून 4 गेले. पानाचा शेकडा 46 भाग कोरा. देशातलं सर्वांत मोठं न्यायालय जवळजवळ निम्मं पान या अबोल माणसाला देतं! दोन वर्षांनी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं निकालपत्रांबद्दलही असंच सांगितलं: परिच्छेदांना क्रमांक असावेत, लांब निकालाला अनुक्रमणिका असावी, आणि भलत्या जागी मारलेला वॉटरमार्क दृष्टिहीन वाचकाची वाट अडवतो.

छत्तीसगढ सरकारनं 2025 मध्ये पोलिसांच्या कागदांतले जुने उर्दू-फार्सी शब्द काढून सोपे हिंदी शब्द आणायचं ठरवलं. हलफनाम्याच्या जागी शपथपत्र, दफाच्या जागी धारा. चांगलं झालं. पण आत्या अडली ती शब्दापाशी नव्हे. 'हलफनामा' तिला व्यवस्थित कळतो, तिच्या सासऱ्यांनी आयुष्यभर तेच म्हटलं. तिला डोळा टेकायला जागा मिळाली नाही.

वकिलांकडून मूळ दाव्याची सबंध प्रत मागवून घेतली आणि मी दोन रात्री बसून ती पुन्हा टाइप केली. शब्द एकही बदलला नाही. बदलायचा अधिकारही नव्हता. फक्त जिथं कथन बदलतं तिथं परिच्छेद तोडला, क्रमांक घातले, अक्षर मोठं केलं आणि उजवीकडे 4 ऐवजी 6 सेंटीमीटर सोडले. कोर्टात द्यायची नव्हतीच ती, आत्याला वाचायला होती. अकरा पानांची सतरा झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर आत्या ओसरीवर पेन्सिल घेऊन बसली होती. तिसऱ्या परिच्छेदाशेजारी 'बरोबर'. चौथ्याशेजारी 'भाऊंना विचार'. दाव्यात म्हटलं होतं की घर 2001 पासून कुलूपबंद आहे. त्या नवव्या परिच्छेदाशेजारी, कोऱ्या जागेत, तिच्या शाळेतल्या वळणदार बाळबोध अक्षरात लिहिलं होतं: 'खोटं. 2009 ला स्लॅब मी टाकला. पावती गोदरेजच्या कपाटात, खालच्या कप्प्यात.'