साखरेचा पत्ता

दिवाळीच्या अंकात मधुमेहावर लिहू नये, असा आमच्या घरचा सल्ला पडला. चकलीचा घास घेता घेता चाळायची पाने ती. तिथे रक्तातल्या साखरेचे आकडे कशाला? सल्ला काही वाईट नाही. पण आमच्या सातारा जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास फराळाच्या डब्यांबरोबर आणखी एक वस्तू घरोघर बाहेर निघते, आणि ती म्हणजे फौजेतून आणलेली काळी पत्र्याची ट्रंक. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी ट्रंक उघडली, की तळाशी दडपून ठेवलेले जुने कागदही वर येतात आणि त्यांतले पुष्कळसे माझ्या ओट्यावर येऊन पोचतात.

मी शाळामास्तर होतो. वकिली मला येत नाही; इंग्रजी अर्ज नीट लिहिता येतो, एवढेच. आमच्याकडे घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे निवृत्त झाल्यावर मला रिकामपण कधी जाणवले नाही. सरकारी इंग्रजीचे मराठी करायचे आणि माणसाच्या रागाचे सरकारी इंग्रजी करायचे, हा माझा आताचा धंदा. बिनभांडवली आणि बिननफ्याचा.

बापू हवालदार पहिल्यांदा आले ते २०१४ साली. मराठा लाइट इन्फंट्रीत १९८३ साली बेळगावच्या केंद्रात भरती झाले. शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले, काश्मीरच्या खोऱ्यात दोनदा राहिले, मग ईशान्येच्या पहाडांत. शेवटची तीन वर्षे मैदानी मुलखातल्या एका शांत ठाण्यावर काढली. तिथे २००४ साली वार्षिक तपासणीत रक्तात साखर निघाली आणि त्यांना खालची ‘कॅटेगरी’ लागली. २००७ साली चोवीस वर्षांची नोकरी पुरी करून ते घरी आले. निघताना वैद्यकीय मंडळ बसले. त्याने लिहिले: मधुमेह, दुसरा प्रकार, अपंगत्व वीस टक्के, आयुष्यभर, लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही, सुरुवात शांत ठाण्यावर.

साधे निवृत्तिवेतन सुरू झाले. अपंगत्वाचा भाग मिळाला नाही. पहिले अपील फेटाळले गेले, दुसरेही गेले. दोन्ही उत्तरांत मंडळाचेच वाक्य जसेच्या तसे उतरवले होते. मग कागद ट्रंकेच्या तळाशी गेले.

“पैशाचं ऱ्हाऊ द्या गुरुजी,” बापू म्हणाले. “पर कागूद म्हंतो, माज्या आजाराचा न् पलटणीचा संबंध न्हाई. मग चोवीस वर्सं मी हुतो कुठं?”

या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करीत होतो. गोळी लागली तर तिचा पत्ता शरीरावर लिहिलेला असतो. अमुक तारीख, अमुक टेकडी, डावा खांदा. मांडीतला छर्रा कोणी घरच्या जेवणामुळे झाला असे म्हणत नाही. साखरेला असा पत्ता नसतो. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह गुपचूप येतो. तो सापडण्याआधी कित्येक वर्षे अंगात घर करून राहिलेला असू शकतो. वाडवडिलांकडून येतो, खाण्यापिण्यातून येतो; आणि जागरण, ताण, धास्ती यांनी शरीरात जी रसायने स्रवतात तीही साखर वर चढवतात. यांतले कोणते किती, हे कोणत्याही डॉक्टरला एका माणसापुरते तोलून सांगता येणार नाही.

आणि शांत ठाण्याची गंमत पाहा. पहाडात असताना बापू रात्री चार-चार वेळा उठत. थंडीत सगळेच उठतात, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. मैदानात आल्यावर रक्त रीतसर तपासले गेले, तिथे साखर सापडली. आणि जिथे सापडली तिथेच ती जन्मली असे कागदाने ठरवले. चोर ज्या गावी धरला तेच त्याचे जन्मगाव म्हणण्यासारखे हे आहे. रात्री उठणे हा पुरावा नव्हे, हे मला कळते. पण शांत ठाण्यावर सापडणे हाही पुरावा नव्हे.

“मला इतकंच ठावं,” बापू म्हणाले, “जाताना नव्हती, येताना हुती. मधली चोवीस वर्सं मी काय साखर कारखान्यावर हुतो?”

मी हसलो. पुढे नियम मिळवून वाचले, तेव्हा हसू थांबले. कारण बापूंनी जे दोन शब्दांत सांगितले तेच १९८२ च्या नियमांत चार कलमांत लिहिले होते. भरतीच्या वेळी माणूस तपासून घेतला आणि कागदावर कसलाही रोग नोंदला नाही, तर तो धडधाकट आला असे धरायचे. पुढे प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे धरायचे. सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावर नाही, आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सिग्नल कोअरमधल्या एका शिपायाचे प्रकरण आले. आजार फेफऱ्याचा, पण न्यायालयाने हीच तत्त्वे उचलून धरली, आणि सेवेशी संबंध नाही असे म्हणायचे तर वैद्यकीय मंडळाने त्याची कारणे लिहिली पाहिजेत असे बजावले. बापूंच्या कागदावर कारण म्हणून होते ते फक्त ‘शांत ठाणे’.

आमचे मेहुणे बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाचा माणूस. ते म्हणाले, “दाजी, बापूंच्या धाकट्या भावाला साखर आहे. तो जन्मभर शेतात. मग त्याने कोणाकडे मागायचे? उद्या अख्खी आळी पेन्शन मागेल.” हा आक्षेप मी कधी हलका मानला नाही. सरकारी तिजोरीची काळजी करणाऱ्यांनाही तो पडतो. २०२३ साली महालेखापरीक्षकांच्या अहवालाने मधुमेह-रक्तदाबावर मिळणाऱ्या अपंगत्व निवृत्तिवेतनांकडे बोट दाखवलेच होते. आरामात वाढलेल्या पोटाचे बिल सैन्याच्या नावावर फाडणारा माणूस असूच शकत नाही, असे मी म्हणणार नाही. पण धाकट्या भावाला भूक लागली तेव्हा तो जेवत होता, झोप आली तेव्हा झोपत होता. बापूंची भूक आणि झोप चोवीस वर्षे सरकारच्या हुकमात होती. दोघांची साखर एकच असेल. हिशेब एक नाही.

याच सुमारास अमेरिकेतली अशीच एक गोष्ट वाचनात आली. व्हिएतनामच्या युद्धात जंगलाची पाने झडावीत म्हणून त्यांनी ‘एजंट ऑरेंज’ नावाचे विषारी औषध फवारले होते. त्याचा मधुमेहाशी संबंध असल्याचा पुरावा मर्यादित आहे, असेच तिथल्या तज्ज्ञांनी २००० साली सांगितले. तरीही २००१ पासून तिथल्या सरकारने ठरवले, की त्या भूमीवर नोकरी केलेल्या सैनिकाला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह झाला तर तो सेवेमुळेच असे धरायचे. शंका उरली होती. ती कोणाच्या पारड्यात टाकायची एवढाच प्रश्न होता. मी हे मेहुण्यांना सांगितले. ते म्हणाले, “श्रीमंत देश आहे.” त्यावर मी काय बोलणार?

२०१५ साली जिल्ह्याच्या एका तरुण वकिलाने बापूंचा अर्ज सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे घातला. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने झाले आणि २००९ पासून काम करू लागले. त्याआधी सैनिकाला उच्च न्यायालयाचीच पायरी चढावी लागे. तिथे एक सदस्य न्यायखात्यातला आणि दुसरा फौजेतून निवृत्त झालेला मोठा अधिकारी असतो. सुनावणीच्या दिवशी मीही बापूंबरोबर गेलो. आदल्या रात्रीच्या एसटीने निघालो. बापूंनी पिशवीत भाकरी, कोरडी चटणी आणि इन्शुलिनची पेटी घेतली होती. ते अधिकारी आत येताच बापू असे ताठ उभे राहिले, की शेजारच्या वकिलाने दचकून पाहिले. पुढची वीस मिनिटे सगळे इंग्रजीत चालले. बापूंना त्यातले ‘पीस स्टेशन’ एवढेच ओळखू आले, आणि दर वेळी ते माझ्याकडे पाहून मान हलवीत.

निकाल २०१८ साली लागला, बापूंच्या बाजूने. आकड्यांचा हिशेब मी त्यांना असा समजावला: सहाव्या वेतन आयोगानंतरच्या नियमाने पुऱ्या शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के रक्कम, म्हणजे दर दहा हजारांमागे तीन हजार. वीस टक्क्यांना त्यातले सहाशे. पण २०१४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही टक्के वर उचलण्याचा लाभ दिला होता, म्हणून वीसचे पन्नास धरायचे. मग दीड हजार. थकबाकी मात्र अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची. २००७ ते २०१२ ही पाच वर्षे ट्रंकेच्या तळाशी गेली ती गेलीच. बापूंनी पाच वर्षांची रक्कम बोटांवर मोजली आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. पर आता कागूद काय म्हंतो, ते वाचा.” मी सेवेशी संबंध असल्याचे वाक्य वाचले. त्यांनी ते आणखी एकदा वाचायला लावले, आणि मग बायकोला बोलावून तिसऱ्यांदा.

तेव्हापासून माझ्या ओट्यावर साखरेचे कागद वाढले आहेत. सगळ्यांचे बापूंसारखे सरळ नसतात. २००८ पासून नियम बदलले. आजार नोकरीत दिसला म्हणजे तो नोकरीमुळेच असे होत नाही, असे शब्द त्यांत आले. सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना आणखी नवे नियम. मात्र मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्याच एका प्रकरणात सांगितले, की आजार शांत ठाण्यावर सुरू झाला एवढ्याने सेवेशी संबंध नाही असे ठरत नाही. हे मी बापूंना वाचून दाखवले. त्यांना नवल वाटले नाही. उलट, एवढ्या मोठ्या कोर्टाला हे समजायला इतका वेळ का लागला, याचेच त्यांना आश्चर्य.

परवा खालच्या आळीतल्या एक वहिनी आल्या. त्यांचे यजमान २०११ साली नायक म्हणून सुटले. आता दृष्टी अधू झाली आहे, म्हणून त्या एकट्याच आल्या होत्या. प्रकरण अवघड आहे, मी स्पष्ट सांगितले. नियम नवे, उशीर चौदा वर्षांचा. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “गुरुजी, अवघड म्हनजे व्हनार न्हाई, असं का?”

“तसं नाही. आधी भरतीच्या वेळचा डॉक्टरी कागद आहे का, ते पाहू.”

त्यांनी पिशवी ओट्यावर पालथी केली. रेशनकार्ड, विजेची बिले, मुलाची गुणपत्रिका, कुठल्याशा लग्नाची पत्रिका, डोळ्यांच्या औषधाच्या चिठ्ठ्या. आतून हाक आली, चहा निवतोय म्हणून. आम्ही एकेक घडी उलगडीत बसलो.