वाळूच्या लाटांवर, जावयांबरोबर

आम्ही दुबईला गेलो ते लेकीला सातवा लागला म्हणून. डोक्यात बाळंतपण आणि डिंकाचे लाडू, एवढंच. (लाडवांतली खसखस मात्र घरीच ठेवून जा हं! त्या देशात ती नेणं गुन्हा आहे.)

पण जावयांनी वाळवंटाच्या सहलीची दोन तिकिटं आधीच काढून ठेवलेली, आम्हा दोघांसाठी. मोटार वाळूच्या टेकड्यांवर उसळते, तेव्हा गरोदर बायकांनी आणि पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी येऊ नये, असं त्यांच्या पत्रकातच होतं. आमच्या ह्यांचा मणका जुना दुखणाईत. त्यांनी ते वाचलं आणि लांबूनच हात जोडले. लेक म्हणाली, “तिकीट वाया कशाला? तुम्ही दोघं जा.”

दोघं म्हणजे मी आणि जावई! लग्नाला चार वर्षं झाली, पण “प्रवास कसा झाला?” आणि “अजून थोडी भाजी वाढू?” यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. मला हाक मारायची वेळ आली की ते “ऐका ना” म्हणून भागवायचे. पोटात गोळा आला तो वाळवंटाचा की संध्याकाळभर बोलायचं काय याचा, कोण जाणे.

हत्ताच्या रस्त्याला, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर लहबाब आहे. तिथली वाळू विटेसारखी लाल, लोहाच्या गंजामुळे. ड्रायव्हर पेशावरकडचा, हिंदी छान बोलणारा. तिथे पोचताच तो खाली उतरून चाकांतली हवा सोडू लागला. एरवी पस्तिसाच्या आसपास असणारा दाब त्याने पंधरा-अठरावर आणला. चाक चपटं झालं की पसरतं आणि रुतत नाही. उंटाचा पाय रुंद असतो तो त्याचसाठी. “खालाजान, पट्टा कसके बांधो,” तो म्हणाला, आणि निघालोच.

चढताना समोर नुसतं आभाळ. टेकडीच्या माथ्यावर गाडी क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि मग नाक खाली घालून घसरली, तीही तिरकी! जात्याच्या कडेने पीठ सांडावं तशी काचेवरून वाळू सांडत होती. “अगं आई गं!” मी किंचाळले आणि जावयांचा दंड घट्ट धरला. पाहते तर काय, त्यांचे डोळे गच्च मिटलेले, ओठांवर रामरक्षा.

“आई,” डोळे न उघडताच ते म्हणाले, “मला हे मुळीच झेपत नाही.”

“मग आलात कशाला?”

“तुम्हाला एकटं कसं पाठवायचं?”

“अहो, मी तर तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आले!”

दोघेही इतके हसलो की ड्रायव्हर वळून बघायला लागला. “पुढे बघा हो!” आम्ही एका सुरात ओरडलो.

नंतर फळीवर बसून मी उतारावरून घसरलेसुद्धा, दोनदा. उंटावरही बसले. तो आधी मागचे पाय उभे करतो, तेव्हा मागे रेलून बसावं, नाहीतर तोंडावर आपटाल. निघण्याआधी दोन तास पोटभर जेवू नका, आल्याची वडी जवळ असू द्या आणि नोव्हेंबर ते मार्चच्या दिवसांतच जा. तंबूतलं जेवण ठीक, नाच-गाणं फार कर्कश. मी बाहेर येऊन बसले.

तिथे एक काटेरी झाड होतं. अरब त्याला ‘घाफ’ म्हणतात. २००८ साली ते अमिरातीचं राष्ट्रीय वृक्ष झालं. पानं ओळखीची वाटली. जावई मागून येऊन म्हणाले, “ही आपली शमी. आमच्या दाराशी होती. दसऱ्याला आई पूजा करायची.” त्या गेल्या तेव्हा ते अकरावीत होते, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं त्यांनी त्या रात्री सांगितलं. तासभर तरी आम्ही तिथे बसलो असू. वाळू गार पडत चालली होती, मी ओढणी डोक्यावरून घेतली.

घरी पोचलो तर लेक दारातच. “आई, फार घाबरलीस का गं?”

“मी नाही बाई,” मी सॅंडल झटकत म्हटलं. वाटीभर लाल वाळू फरशीवर सांडली.

“आई, राहू द्या, मी काढतो केर,” आतून जावयांचा आवाज आला.