मेलबोर्नच्या जकातनाक्यावर

प्रवासांत शिदोरी बरोबर घेणें हा आपल्या घरांतील जुना शिरस्ता आहे. पुण्याहून कोल्हापुरास जातांनाहि दशम्यांचें गांठोडें लागतें. मग समुद्रापलीकडे जातांना तें लागावें यांत नवल काय? परंतु या शिदोरीनेंच आम्हांस उतारवयांत एक धडा दिला. तो वाचकांस सांगावा म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे चिरंजीव बारा वर्षें ऑस्ट्रेलियांत मेलबोर्न येथें नोकरीस असून त्यांचें घरदार आतां तेंच आहे. २०२३ च्या दिवाळीस ते आमच्या नातवासह पुण्यास आले. सूनबाई मोठ्या दुखण्यांतून नुकत्याच उठल्या असल्यामुळें तिकडेच राहिल्या होत्या. बापलेक स्वगृहीं परत निघाले तेव्हां आम्हां उभयतांसहि त्यांनीं बरोबर घेतलें. सामानांत दुकानच्या मोहोरबंद चकल्या, चहाचे पुडे, मसाले होतेच. पण सर्वांत वर होता नरसोबाच्या वाडीचा पेढ्यांचा डबा. सूनबाईंसाठीं बोललेला नवस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर फेडून आमच्या कुटुंबानें तो प्रसाद जपून आणला होता.

विमान उतरण्यापूर्वीं एक पत्रक हातीं आलें. मांस, अंडीं, दुधाचे पदार्थ, फळें, भाज्या, धान्य, बियाणें यांपैकीं कांहीं जवळ आहे काय, असे त्यांत प्रश्न होते. ‘होय’ किंवा ‘नाहीं’ यांवर खूण करावयाची.

“अहो, प्रसाद म्हणजे का खाऊ? आणि डबा चांगला मोहोरबंद आहे. ‘नाहीं’ म्हणा,” असें कुटुंबानें सुचविलें.

छत्तीस वर्षें आम्हीं वर्गांत धर्मराजाच्या रथाची कथा सांगितली. एका अर्धसत्यासरशीं तो रथ भुईस कसा टेकला हें मुलांना बजावलें. तरीहि, खरें सांगावयाचें तर, आमची लेखणी ‘नाहीं’कडेच वळली होती. इतक्यांत शेजारीं बसलेला अकरा वर्षांचा नातू म्हणाला, “आजोबा, पेढ्यांत दूध असतं ना?” आम्हीं मुकाट्यानें ‘होय’वर खूण केली.

विमानतळावर तपासणीच्या रांगेंत एक शिकविलेला कुत्रा सामान हुंगीत फिरत होता. तो एका गृहस्थांच्या पिशवीपाशीं जाऊन बसला. त्यांनीं ‘नाहीं’ लिहिलें होतें. पुढें त्यांचें काय झालें तें आम्हीं पाहिलें नाहीं. त्यांचा उतरलेला चेहरा मात्र पाहिला. आमची पाळी आली. अधिकारी बाईंनीं चकल्या, चहा, मसाले पाहून परत दिले; पेढे मात्र बाजूस ठेवले. दंड नाहीं, कीं रागाचा शब्द नाहीं. उलट खरें लिहिल्याबद्दल आभार मानले. कुटुंबाच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें.

या कडकपणाचें कारण चिरंजीवांनीं घरीं जातांना सांगितलें. आपल्या खेड्यांतील गुरांना लाळ-खुरकुताचा रोग होतो, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यावर देशभर लस टोचण्याचा मोठा कार्यक्रम २०१९ मध्यें सुरू झाला. ऑस्ट्रेलियांत हा रोग १८७२ नंतर झालेला नाहीं. त्याचे जंतु दुधाच्या पदार्थांतून व मांसांतून दूरवर जाऊं शकतात. २००१ सालीं इंग्लंडांत तो शिरला तेव्हां साठ लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. चोरट्या वाटेनें आलेल्या मांसाचा अंश डुकरांच्या खाद्यांत गेला असावा, असा संशय होता. वेष्टन मोहोरबंद असलें म्हणून आंतील दूध बदलत नाहीं, हें तेव्हां आम्हांस उमगलें.

तात्पर्य इतकेंच: परदेशीं जातांना त्या देशाचे नियम आधीं वाचावे, खाद्यपदार्थ, मग तो दुकानचा असो कीं देवाचा, पत्रकांत लिहावा, आणि शंका असेल तेथें ‘होय’ म्हणावें. खरें लिहिणाराचा फार तर पदार्थ जातो. खोटें लिहिणारास जबर दंड बसतो, आणि नातवंडांपुढें मान खालीं जाते ती निराळीच.

घरीं पोंचल्यावर कुटुंबानें दत्ताच्या तसबिरीपुढें तिथलीच साखर ठेवली आणि सूनबाईंच्या हातावर घातली. “वाडीचा प्रसाद वाटेंत गाईवासरांच्या नांवें पडला,” ती म्हणाली, “दत्तापाशीं गाय असतेच कीं!” यावर आम्हांस बोलावयास कांहीं उरलें नाहीं.